येवल्याच्या रेशमी धाग्याचा अवरक्त वर्णपट कसा घ्यावा

नाशिकमध्ये प्रथिन तंतूंचा अभ्यास करू इच्छिणाऱ्या विद्यार्थ्याला नमुन्यासाठी दूर जावे लागत नाही. येवल्यात पैठणीसाठी आणलेल्या कच्च्या रेशमाचा वीतभर धागा पुरतो. तो रंगवण्याआधीच मागून घ्यावा, कारण अवरक्त वर्णपटात, म्हणजे धाग्याने कोणता अवरक्त प्रकाश किती शोषला याच्या आलेखात, रंगद्रव्याचे शोषणपट्टे प्रथिनाच्या पट्ट्यांत मिसळतात.

कच्च्या रेशमाच्या वजनाचा साधारण चौथा हिस्सा सेरिसिन या चिकट प्रथिनाचा असतो. ते काढण्यासाठी एक लिटर पाण्यात सुमारे २.१ ग्रॅम सोडियम कार्बोनेट विरघळवून त्यात धागा अर्धा तास उकळावा आणि ऊर्ध्वपातित पाण्याने तीन-चार वेळा धुवावा. बोटांत धरल्यावर ताठ, खरखरीत लागणारा धागा मऊ पडून चमकू लागला, की मागे मुख्यतः फायब्रॉइन, म्हणजे तंतूचे मूळ प्रथिन, उरले असे समजावे.

वर्णपटात आपले लक्ष १६०० ते १७०० प्रति सेंटीमीटर या तरंगांकांवर (एका सेंटीमीटरमध्ये मावणाऱ्या लाटांच्या संख्येवर) हवे. प्रथिनातील अमिनो आम्लांना जोडणाऱ्या पेप्टाइड बंधातील कार्बन-ऑक्सिजन दुहेरी बंधाचे कंपन येथे दिसते. हायड्रोजन बंधांची मांडणी बदलली की शिखर सरकते: बीटा-पत्रकांचे (शेजारी शेजारी लागलेल्या ताणलेल्या साखळ्यांचे) शिखर साधारण १६२० ते १६३० दरम्यान, तर अल्फा-सर्पिल (मळसूत्रासारख्या वळलेल्या) आणि विस्कळीत साखळ्यांचे १६४० ते १६६० दरम्यान येते.

अडचण अशी, की पाण्याचे शोषणही नेमके १६४० च्या आसपास आहे. एका जुलैत मी घेतलेल्या वर्णपटात तेथे ठळक खांदा (मुख्य शिखराच्या बाजूचा फुगवटा) दिसला आणि तंतूची रचना बिघडली असा निष्कर्ष मी वहीत लिहूनही टाकला. तोच धागा रात्रभर सिलिका जेलसोबत शुष्कपात्रात ठेवल्यावर खांदा बराच ओसरला. मी मोजली होती ती नाशिकच्या पावसाळ्यातील ओल. म्हणून नमुना वाळवावा, पार्श्वभूमीचा (नमुन्याशिवायचा) वर्णपट प्रत्येक नमुन्याच्या लगेच आधी घ्यावा आणि उपकरणात शक्यतो कोरडा नायट्रोजन सोडावा. हवेतील बाष्प उरलेच, तर शिखरावर बारीक, टोकदार दाते दिसतात. एकमेकांत मिसळलेली शिखरे वेगळी दिसावीत म्हणून आलेखाचे दुसरे अवकलज काढल्यावर तेच दाते खऱ्या शिखरांसारखे भासतात, त्यामुळे आधी बाष्प घालवावे आणि मगच अवकलज काढावे. उपकरणात नमुना ज्यावर टेकवून मोजतात त्या हिऱ्याच्या स्फटिकावर धागा दाबताना दाब दर वेळी सारखा ठेवावा.

ध्रुवकाची (एकाच दिशेत कंप पावणारा प्रकाश सोडणाऱ्या गाळणीची) सोय असेल, तर धागा एकदा ध्रुवणदिशेला समांतर आणि एकदा लंब ठेवून मोजावा. बीटा-पत्रकांतील हे कंपन तंतूच्या अक्षाला जवळजवळ लंब असल्याने लंब स्थितीत शिखर उंचावते आणि साखळ्या किती एका दिशेने लागल्या आहेत ते कळते. मला या अभ्यासातला हा सर्वांत सुंदर भाग वाटतो.

धाग्यावर चांदीचे नॅनोकण बसवायचे असतील, तर आधी त्यांच्या द्रावणाचा दृश्य-अतिनील वर्णपट घ्यावा. लहान, सुटे गोल कण ४०० नॅनोमीटरच्या आसपास एकच अरुंद शिखर देतात. कण गोळा होऊ लागले की शिखर रुंदावून जास्त तरंगलांबीकडे सरकते. शोषणांक (द्रावण किती प्रकाश शोषते याचे माप) एकच्या वर गेल्यास द्रावण विरळ करून पुन्हा मोजावे.