पंपात काय दिसतंय ते बघा

ऐंशीच्या दशकात आमच्या बेळगावातल्या स्टुडिओला लग्नसराईपुरता लग्नांचा आधार होता. वर्षभराची चूल पेटायची ती उद्यमबागेतल्या फाउंड्र्यांच्या कॅटलॉगवर. पंप, व्हॉल्व्ह, गिअर, कास्टिंग. आता काही मुलं पुन्हा फिल्मवर शिकायला येतात आणि सुरुवात कुठून करू म्हणून विचारतात. मी सांगतो, मशीनिंग केलेल्या चकचकीत लोखंडापासून करा. माणूस फोटोग्राफरला सांभाळून घेतो, लोखंड घेत नाही.

पहिल्यांदा मी पंपावर दोन हॅलोजन सरळ मारले. जिथे धार होती तिथे पांढरा डाग, बाकी सगळं काळं. उस्ताद मागे उभे होते. म्हणाले, ''काय बघूलास? पंप बघू नको, पंपात काय दिसतंय ते बघ.'' त्यांनी पंपाच्या तिन्ही बाजूंनी बटर पेपर ताणून लावला आणि दिवे कागदाच्या बाहेरून दिले. आता पंपात दिवा दिसत नव्हता, पांढरा कागद दिसत होता. मग कडेला काळ्या पुठ्ठ्याची दोन बोटं रुंद पट्टी धरली, तशी धातूची गोलाई उमटली. पट्टी जरा मागेपुढे केली की ती काळी रेघ पंपावरून सरकायची. तास तास मी तेवढंच करत बसायचो. शहापूरच्या साड्यांची जर टिपतानाही हेच कामी आलं.

बेळगावचा पाऊस वैताग देतो, भिंगावर बुरशी चढते. कॅमेरा डब्यात सिलिका जेलसोबत ठेवा. पण आषाढातलं ढगाळ आभाळ म्हणजे फुकटचा बटर पेपर. पाऊस उघडला की वस्तू पडवीत मांडायची, ट्रायपॉड, केबल रिलीज (कॅमेरा न हलवता बटण दाबायची वायर), अर्ध्या सेकंदाचं एक्स्पोजर. तो मऊ उजेड मला दिव्यांनी कधी साधला नाही.

माझी एक चूक तुम्ही करू नका. ट्विन लेन्स कॅमेऱ्यात वरच्या भिंगातून बघायचं आणि फोटो खालच्या भिंगातून निघतो. लांबून फरक कळत नाही. मी क्लोजअप भिंग लावून व्हॉल्व्ह टिपला, आणि अख्ख्या रोलमध्ये व्हॉल्व्हचं चाक वरून कापलेलं. १२० च्या रोलमध्ये बारा फ्रेम, बाराही वाया. मालकांसमोर मान वर होईना. त्यानंतर फ्रेम जुळवून झाली की दोन भिंगांमध्ये जेवढं अंतर, तेवढा ट्रायपॉडचा दांडा वर घ्यायचा आणि मगच बटण दाबायचं, हे अंगवळणी पाडलं.

कृष्णधवल फिल्म, तेव्हाची उटीच्या कारखान्यातली इंदू असो की ओर्वो, चूक पोटात घालायची. डार्करूममध्ये थोडंफार सावरता येतं. रंगीत छपाईसाठी मात्र ट्रान्स्परन्सी, म्हणजे निगेटिव्ह नसलेली रंगीत स्लाइड, लागायची आणि तिला अर्धा स्टॉपही (एक स्टॉप म्हणजे उजेड दुप्पट किंवा निम्मा) सहन होत नाही. म्हणून एका मांडणीचे तीन फ्रेम: उजेडाचं मीटर सांगेल तो, अर्धा कमी, अर्धा जास्त. बारात चारच वस्तू बसतात. दर ठरवताना हा हिशेब आधी सांगा, नाहीतर रोलचे पैसे आपल्याच खिशातून जातात.

ट्रान्स्परन्सी हेच मूळ. माझ्या एका कामाची ती छापखान्यात गेली ती परत आलीच नाही, आणि गिऱ्हाइकाला पुढच्या वर्षी तोच फोटो हवा होता. तेव्हापासून योग्य एक्स्पोजरचा फ्रेम मी दोनदा घेतो, मग बारात चारऐवजी तीनच वस्तू बसतात. एक छापखान्याला, एक नंबर घालून आपल्या कपाटात.