तहसील कार्यालयात नव्याने रुजू होताना सहकारी कसे ओळखावेत

महसूल सहायक म्हणून तहसील कार्यालयात रुजू होणाऱ्या तरुणांना नियम आणि शासन निर्णय समजावून सांगणारे कोणी ना कोणी भेटते. शेजारच्या टेबलावरील माणसाशी कसे वागावे, हे मात्र सहसा कोणी सांगत नाही, आणि पहिल्या वर्षातील बराचसा मनस्ताप तिथूनच सुरू होतो. हा खडूस, तो कामचुकार, ती चुगलखोर असे शिक्के पहिल्याच आठवड्यात मारू नयेत. आधी त्या व्यक्तीकडे कोणते टेबल आहे, तिची सेवा किती झाली आहे आणि तिची बदली केव्हा अपेक्षित आहे, या तीन गोष्टी समजून घ्याव्यात. स्वभाव म्हणून जे दिसते, त्यातील बरेचसे यांवरून उलगडते.

शासकीय बदल्या आणि कामातील विलंब यांसंबंधीच्या महाराष्ट्राच्या 2005 च्या अधिनियमानुसार एका पदावरील सर्वसाधारण कालावधी तीन वर्षांचा असतो आणि सर्वसाधारण बदल्या एप्रिल किंवा मे महिन्यात होतात. मार्चअखेरच्या वसुलीचा ताण आणि बदलीची टांगणी एकाच वेळी येत असल्याने त्या दिवसांत एरवी मनमिळाऊ असलेली माणसेही तुटक बोलतात. त्या काळात कोणाचे बोलणे मनाला लावून घेऊ नये आणि बदल्यांच्या अंदाजांत स्वतःचे मत मुळीच मिसळू नये, कारण ते संध्याकाळपर्यंत संबंधितांच्या कानी गेलेले असते.

याच अधिनियमात शिपायांसारख्या गट ‘ड’ मधील कर्मचाऱ्यांना सर्वसाधारणपणे ठरावीक कालावधीचे बंधन नाही. त्यामुळे तहसीलदार येतात-जातात, लिपिक बदलतात, पण शिपाई अनेकदा वर्षानुवर्षे तिथेच असतात. अभिलेख कक्षातील कोणत्या कपाटात कोणत्या गावाचे दप्तर आहे, कोणत्या प्रकरणात पूर्वी वाद झाला होता, हे त्यांना तोंडपाठ असते. त्यांना सगळे ‘मामा’ म्हणत असतील, तर आपणही तसेच म्हणावे. मात्र त्या संबोधनामागे आदर असावा, खाजगी कामे सांगण्याची सवलत नव्हे. माझ्या मते नव्या कर्मचाऱ्याची पारख या एका नात्यावरून सर्वांत लवकर होते, आणि ती व्हायलाही हवी.

प्रत्येक कार्यालयात एखादे जाणकार ‘भाऊसाहेब’ असतात, ज्यांच्याकडे टिपणी कशी लिहावी हे विचारायला सगळेच जातात. त्यांच्याकडे रिकाम्या हातांनी जाऊ नये. नस्ती (फाईल) वाचून, आपल्या परीने मसुदा तयार करून, नेमके कुठे अडले ते विचारावे. आयते उत्तर मागणाऱ्याला ते टाळतात आणि मग तो त्यांना गर्विष्ठ ठरवतो. याउलट जो माहिती जाणूनबुजून दडवतो, त्याच्याशी वाद घालण्यात अर्थ नाही. पदभार घेतानाच प्रलंबित प्रकरणे व नोंदवह्यांची यादी करून दोघांच्या स्वाक्षऱ्या घेतलेल्या असल्या, की त्याच्या मर्जीवर अवलंबून राहावे लागत नाही.

सर्वांत कठीण असतो तो गोड बोलून स्वतःचे काम आपल्या टेबलावर सरकवणारा सहकारी. एखाद्या दिवशी मदत जरूर करावी, कारण आपल्यालाही ती लागणारच असते. पण तेच काम पुन्हा पुन्हा येऊ लागले, तर नायब तहसीलदारांकडून कार्यवाटपाचा लेखी आदेश मागावा. उपरोक्त अधिनियमानुसार नस्ती सामान्यतः सात कामकाजाच्या दिवसांहून अधिक काळ कोणाकडेही पडून राहू नये, आणि विलंबाचा जाब तिच्या मालकाला नव्हे, तर ती ज्याच्या टेबलावर सापडली त्याला विचारला जातो. वरिष्ठांनी तोंडी सूचना दिल्यास टिपणीत ‘झालेल्या चर्चेनुसार सादर’ असे नम्रपणे नमूद करावे. यात अविश्वास नाही. उद्या त्यांची बदली झाली, तरी निर्णयाची संगती कागदावर राहते.

गटबाजी जवळपास सगळीकडे असते. दोन्ही गटांबरोबर चहा घ्यावा, कोणाच्याही अनुपस्थितीत त्याच्याविषयी बोलू नये आणि व्हॉट्सॲप समूहात कामापुरतेच लिहावे.

स्नेहाची खरी कसोटी लागते ती पगारदारांच्या पतसंस्थेत. नव्या माणसाची सेवा बरीच शिल्लक आणि वेतनावर कपात कमी असल्याने जामीनदार म्हणून त्याची आठवण लगेच होते. कर्जदाराने हप्ते थकवले, तर वसुली जामीनदाराच्या वेतनापर्यंत पोहोचू शकते. म्हणून स्वाक्षरीपूर्वी कर्जाची रक्कम आणि मुदत विचारावी, आणि भार पेलणारा नसेल, तर ‘घरी ठरले आहे, मी जामीन राहत नाही’ असे पहिल्याच वेळी स्पष्ट सांगावे. होकार-नकाराच्या मध्ये कोणाला ताटकळत ठेवल्याने संबंध अधिक बिघडतात.

मात्र सांभाळून घेण्याच्या या सल्ल्याला एक ठाम मर्यादा आहे. एखाद्या महिला कर्मचाऱ्याशी लगट, अश्लील शेरेबाजी वा नकोशी सलगी होत असेल, तर तो कोणाचा ‘स्वभाव’ म्हणून सोडून देऊ नये. कामाच्या ठिकाणी महिलांच्या लैंगिक छळाविरुद्धच्या 2013 च्या कायद्यानुसार दहा किंवा अधिक कर्मचारी असलेल्या कार्यालयात अंतर्गत समिती बंधनकारक असून, घटनेपासून तीन महिन्यांच्या आत तिच्याकडे लेखी तक्रार करता येते. तक्रार लिहिणे कठीण जात असल्यास त्यासाठी साहाय्य करणे हे समितीचेच कर्तव्य आहे.