कादंबरी वाचून झाल्यावर आपले मत कसे लिहून ठेवावे

ग्रंथालयात पुस्तक परत करताना रांगेत मागे उभी असलेली व्यक्ती आपल्या हातातल्या कादंबरीकडे पाहून "कशी आहे हो?" असे विचारते आणि आपण "बरी आहे, वाचा" एवढे बोलून बाजूला होतो. चारशे पाने वाचून हाती एवढेच उरत असेल, तर दोष स्मरणशक्तीचा नसतो. आपण मत कधी तयारच केलेले नसते. एरवी पुण्यात मतांना तोटा नाही. पेठेतल्या ज्या ग्रंथालयाचा मी बरीच वर्षे सभासद आहे, तेथल्या जुन्या प्रतींचे समास पेन्सिलीच्या शेऱ्यांनी भरलेले असतात. एका कादंबरीचा नायक डेक्कनवरून चालत पाच मिनिटांत स्वारगेटला पोहोचतो, तेथे कोणीतरी "लेखक पुण्यात कधी आला होता काय?" असे लिहिले आहे आणि त्याखाली दुसऱ्या हस्ताक्षरात "पुस्तक सार्वजनिक आहे, त्यात लिहू नये" अशी सूचना आहे, तीही पेनाने. गंमत अशी की "बरी आहे" या उत्तरापेक्षा तो पेन्सिलीचा शेरा अधिक कामाचा आहे, कारण तो कादंबरीतल्या एका नेमक्या जागेला चिकटलेला आहे. आपले मतही असेच कोठेतरी चिकटलेले असावे, मात्र ते ग्रंथालयाच्या प्रतीत न लिहिता स्वतःच्या वहीत लिहावे.

त्यासाठी अप्पा बळवंत चौकात मिळणारी साधी शंभरपानी वही पुरते. प्रत्येक कादंबरीला समोरासमोरची दोन पाने द्यावीत. डाव्या पानावर केवळ माहिती लिहावी: लेखकाचे नाव, अनुवाद असल्यास अनुवादकाचे नाव, पहिल्या आवृत्तीचे वर्ष, आपल्या हातातल्या आवृत्तीचे वर्ष आणि कथा कोण सांगतो आहे याची एका ओळीची नोंद. उजवे पान मतासाठी मोकळे ठेवावे. पहिल्या आवृत्तीचे वर्ष अनेकजण वगळतात, पण तेच सर्वांत उपयोगी पडते. १९६३ साली आलेली भालचंद्र नेमाडे यांची 'कोसला' आज प्रथमच वाचणाऱ्या तरुणाला पांडुरंग सांगवीकराचे तिरकस, कंटाळलेले निवेदन ओळखीचे वाटले, तर त्यात नवल नाही. नंतरच्या कितीतरी लेखकांनी ते तेथूनच उचलले. वर्ष डोळ्यांसमोर नसले की आपण मूळ कादंबरीलाच तिच्या अनुकरणांची नक्कल ठरवून मोकळे होतो.

उजव्या पानावर एकदाच लिहू नये, तीनदा लिहावे आणि प्रत्येक वेळी तारीख घालावी. पहिली नोंद साधारण पन्नासाव्या पानाशी, दुसरी कादंबरी संपल्यावर दोन दिवसांच्या आत आणि तिसरी महिन्याभराने, पुस्तक हाती न घेता. पहिल्या नोंदीत आपली अपेक्षा उतरते, दुसरीत निकाल आणि तिसरीत नेमके काय टिकले ते. माझ्या अनुभवात तिसरी नोंद सर्वांत लहान आणि सर्वांत खरी असते.

वाचन कोठे थांबले याचीही खूण ठेवावी, आणि यासाठी मी पीएमपीची तिकिटे वापरतो. बसमध्ये वाचता वाचता उतरण्याची वेळ झाली की हातातले तिकीट त्या पानात घालायचे. त्यावर तारीख आणि वेळ छापलेली असल्याने वेगळे काही लिहावे लागत नाही. (मोबाइलवर तिकीट काढणाऱ्यांनी किराणा दुकानाची पावती वापरावी.) तीनशे पानांच्या कादंबरीत पहिली पाच तिकिटे साठ पानांत अडकलेली आणि नंतर थेट शेवटपर्यंत एकही नाही, असे दिसले की आपण कोठे रखडलो आणि कोठून सुटलो हे न आठवताही कळते. या तिकिटांची शाई उष्णतेने उमटवलेली असते आणि काही महिन्यांत उडते, म्हणून पानांचे आकडे त्याच आठवड्यात वहीत उतरवून घ्यावेत.

आता प्रत्यक्ष मताकडे वळू. माझे सांगणे मुख्यतः एकच आहे: प्रत्येक कादंबरी सुरुवातीच्या पानांत वाचकाला एक शब्द देते, आणि मत लिहायचे ते तिने तो शब्द कितपत पाळला याविषयी. भयकथेने आपल्याला घाबरवण्याचा शब्द दिलेला असतो, समाजाची चिकित्सा करण्याचा नव्हे. आणि ग्रामीण कादंबरीने आपल्याला रात्रभर जागवण्याचे कबूल केलेले नसते. सगळ्या कादंबऱ्यांना एकच पट्टी लावणारा वाचक काटेकोर वाटतो, पण प्रत्यक्षात तो आपली एकच आवड पुन्हा पुन्हा नोंदवत असतो.

ऐतिहासिक कादंबरीचे उदाहरण घ्यावे. १९६२ साली प्रसिद्ध झालेली रणजित देसाई यांची 'स्वामी' ही थोरल्या माधवरावांवरची कादंबरी उघडतानाच पुण्यातल्या वाचकाला शेवट ठाऊक असतो. पानिपतानंतर १७६१ मध्ये वयाच्या सोळाव्या वर्षी पेशवाईची वस्त्रे मिळालेला हा पुरुष १७७२ साली थेऊरला क्षयाने जाणार, हे शाळेतच वाचलेले असते आणि थेऊरला चिंतामणीच्या दर्शनाला गेलेल्या प्रत्येकाने ती जागा पाहिलेली असते. तेव्हा "पुढे काय होते" हा प्रश्न येथे गैरलागू ठरतो. लिहायचे ते असे की शेवट माहीत असूनही लेखकाने आपल्याला कशाची वाट पाहायला लावली. राज्यकारभाराची, काका-पुतण्याच्या ताणाची, की रमाबाईंच्या मनाची. इतिहासातली चूक आढळली, तर ती वेगळ्या ओळीत लिहावी आणि कलाकृतीविषयीची तक्रार वेगळ्या ओळीत. या दोन तक्रारी एकत्र झाल्या की आपल्याकडे मताचे भांडण होते आणि कादंबरी बाजूला राहते.

रहस्यकादंबरीसाठी युक्ती सोपी आहे. गुन्हेगार कळल्यावर पुस्तक मिटू नये; मागे जाऊन त्याच्याकडे बोट दाखवणाऱ्या तीन जागा शोधाव्यात आणि त्यांचे पृष्ठक्रमांक लिहावेत. तीन जागा सापडल्या, तर लेखक प्रामाणिक. एकही सापडली नाही, तर त्याने आपल्याला चकवले नसून फसवले आहे. भयकथेच्या बाबतीत ती कोठे आणि कधी वाचली हे आधी लिहावे. नारायण धारपांच्या गोष्टींत भयाचा शिरकाव बहुधा आपल्यासारख्याच साध्या, मध्यमवर्गीय घरात होतो, त्यामुळे घरातले सगळे झोपल्यावर वाचलेली पाने आणि शनिपाराच्या थांब्यावर भर दुपारी वाचलेली पाने यांचा परिणाम सारखा होणे शक्य नाही. रात्री ज्या दहा पानांनी पाय पांघरुणात ओढून घ्यायला लावले, ती दुसऱ्या दिवशी दुपारी पुन्हा वाचावीत. उन्हातही काही शिल्लक राहिले, तर ते लेखकाचे कर्तृत्व मानावे. बाकीचे श्रेय रात्रीचे.

विज्ञानकादंबरीत मी एकच परीक्षा करतो: त्यातले विज्ञान काढून घेतले, तर गोष्ट उभी राहते का? राहत असेल, तर ते विज्ञान म्हणजे नुसते नेपथ्य होते. पुण्यातल्या आयुका या खगोलशास्त्र संशोधन केंद्राचे संस्थापक-संचालक जयंत नारळीकर यांनी 'वामन परत न आला' या कादंबरीच्या शीर्षकातच तीन पावलांत सर्वस्व मागणाऱ्या बटूची आठवण ठेवली आहे, आणि तेथे तो वामन माणसाने घडवलेले यंत्र आहे. यंत्र काढले की कथाच उरत नाही. अशा कादंबरीतल्या पात्रांचे अंतरंग उथळ वाटले, तर तसे जरूर लिहावे, पण लेखकाने मुळात दिलेला शब्द कल्पनेच्या झेपेचा होता, हेही त्याच परिच्छेदात यावे.

सर्वांत अधिक सावधगिरी बोलीभाषेतल्या कादंबरीविषयी लिहिताना बाळगावी लागते, आणि हे मी चूक करून शिकलो. उद्धव शेळके यांची 'धग' (१९६०) मी प्रथम वाचली तेव्हा वहीत "भाषा क्लिष्ट, वाचनात अडथळा" असा शेरा मारला होता. कादंबरी वऱ्हाडी बोलीच्या अंगाने जाते आणि सदाशिव पेठेतल्या माझ्या कानाला ती बोली परकी होती, एवढाच त्याचा अर्थ. पण मी तो दोष कादंबरीच्या नावावर मांडून मोकळा झालो. पुढे कार्यालयात अमरावतीकडचे एक सहकारी आले. एका दुपारी डबा खाताना त्यांना मी त्यातले एक पान मोठ्याने वाचायला सांगितले. मी जेथे अडखळत होतो, तेथे ते हसले, आणि जेथे मी सहज पुढे गेलो होतो, तेथे थांबून म्हणाले, "असं बोलत नाही हो कुणी सहज, लई दुखल्यावर बोलते बाई." कादंबरीची नायिका कौतिक हिचा संसार सावरण्याचा सगळा आटापिटा मी कथानक म्हणून वाचला होता, त्यांना तो आवाज म्हणून ऐकू येत होता. तेव्हापासून बोलीतली कादंबरी हाती आली की मी पहिली वीस पाने मोठ्याने वाचतो, अडलेले शब्द डाव्या पानावर लिहितो आणि भाषेविषयीचे मत शेवटच्या नोंदीपर्यंत राखून ठेवतो. आपल्याला न समजणे आणि लेखकाला न जमणे या दोन गोष्टींची गल्लत पुण्यात जरा अधिकच होते, हे पुणेकर म्हणूनच सांगतो.

अनुवादित कादंबरीबाबत थोडक्यात: अनुवादकाचे नाव मतातही यावे, केवळ डाव्या पानावर नव्हे. भैरप्पांच्या कन्नड कादंबऱ्यांवर मराठीत आपण तावातावाने बोलतो, तेव्हा आपण प्रत्यक्षात उमा कुलकर्णी यांची मराठी वाक्ये वाचलेली असतात.

वाक्ये लिहिताना काही शब्दांना वहीत प्रवेश देऊ नये. ओघवती, खिळवून ठेवणारी, अंतर्मुख करणारी, वाचनीय आणि "एका बैठकीत संपवली" ही मंडळी कोणत्याही कादंबरीच्या मलपृष्ठावर जाऊन बसू शकतात, आणि जे कोठेही बसते, ते काहीच सांगत नाही. असा शब्द लिहावासा वाटलाच, तर त्यापुढे पृष्ठक्रमांक घालण्याची सक्ती स्वतःवर करावी. निम्मे शब्द तेथेच गळतात. व्यंकटेश माडगूळकरांच्या 'बनगरवाडी'वरची (१९५५) माझी पहिली नोंद अशी होती: "भाषा साधी व चित्रदर्शी आहे. शेवट मनाला चटका लावतो." यातून कोणाला काय कळावे? ती खोडून मी पुढे लिहिले: "गोष्ट तरुण मास्तर सांगतो, आणि तो धनगरांच्या या गावात बाहेरून आलेला असल्याने गावाची ओळख त्याला आणि मला एकाच वेळी होत जाते. दुष्काळाने गाव उठू लागते, तेव्हाही त्याचा आवाज चढत नाही. शाळेच्या पटावरची मुले कमी व्हावीत, तशी माणसे कमी होतात. रडे नसल्यामुळेच ओस पडलेली वाडी डोळ्यांसमोरून हलत नाही." ही नोंद पहिलीपेक्षा चांगली आहे असे नव्हे, पण तिच्याशी वाद घालता येतो, आणि लिहिलेल्या मताकडून मला तेवढेच हवे असते.

कथानक तीन वाक्यांत संपवावे. इतरांना वाचायला द्यायचे टिपण असेल, तर रहस्य फोडू नये. स्वतःच्या वहीत मात्र बिनधास्त फोडावे, कारण दोन वर्षांनी शेवट आपल्यालाच आठवत नाही.

दुसऱ्यांची परीक्षणे आपली दुसरी नोंद लिहून झाल्याशिवाय वाचू नयेत. ती झाल्यावर मात्र मतभेद असणाऱ्या माणसाशी जरूर बोलावे. 'कोसला' मी एकोणिसाव्या वर्षी वाचली, तेव्हा "हे माझेच आत्मचरित्र आहे" असे लिहिले होते. चाळिशीत पुन्हा वाचली, तेव्हा "नायक वडिलांच्या पैशावर पुण्यात राहून कुरकुरतो" अशी नोंद केली. दोन्ही नोंदी मी ताईला वाचून दाखवल्या. ती म्हणाली, "तुला तेव्हा सोबती हवा होता, आता तुला तुझा मुलगा सुधारायचा आहे. कादंबरी कधी वाचणार आहेस?" मी रागावून पुस्तक पुन्हा उघडले आणि नायकाची बहीण मनी हिच्या मृत्यूच्या पानांपाशी आलो. त्या पानांविषयी माझ्या दोन्ही नोंदींत एकही शब्द नव्हता, आणि दोन्ही वेळा मी तेथे वाचन थांबवले होते. जुन्या प्रतीत खुणेचा कागद तसाच होता. तिसरी नोंद त्यावरच लिहिली.

अर्धवट सोडलेल्या कादंबऱ्याही वहीत याव्यात, "सोडली" असे स्पष्ट लिहून, पान आणि कारण यांसह. न वाचलेल्या भागाविषयी अंदाजही करू नये. मध्यंतरी एक जाडजूड कौटुंबिक कादंबरी मी १४२व्या पानावर सोडली आणि परत करताना त्यातले तिकीट काढायचे विसरलो. वर्षभराने कोणीतरी तिची फार स्तुती केली म्हणून तीच प्रत पुन्हा आणली. तिकीट त्याच पानात होते. छपाई पूर्ण उडाली होती, पण मागच्या कोऱ्या बाजूवर पेन्सिलीने लिहिले होते, "येथे सोडू नये. पुढे बरी आहे." ते तिकीट मी वहीत डिंकाने चिकटवले आणि खाली नोंद केली: २१७पर्यंत वाचली. पुन्हा सोडली. कारण: पुढे "बरी"च आहे.