"ह्यात कोण मरतं गं?" – ट्रॅजेडीचा पेपर घेणाऱ्यांसाठी थोडं अनुभवाचं

दर जूनमध्ये मला दोन-चार जणींचे मेसेज येतात, ताई ट्रॅजेडीचा पेपर कसा करायचा, कॅरेक्टर स्केच किती पानी लिहायचं, गाईड कुठलं घेऊ, आणि दरवेळी तेच तेच टाईप करून बोटं दुखतात म्हणून यंदा एकदाच सगळं लिहून ठेवतेय. मराठी साहित्य घेतलेलं असो नाहीतर इंग्लिश, बहुतेक सगळं दोन्हीकडे चालेल.

आधी मी कोण ते सांगते. घर घणसोलीला, वडील तुर्भ्याच्या मार्केटात माथाडी, दहावीपर्यंत मराठी मीडियम. कॉलेज ठाण्यात, टीवायला (बीएच्या तिसऱ्या वर्षाला) इंग्लिश-मराठी तीन-तीन पेपर घेतले, मग एमए, मग सेट ही प्राध्यापकीची पात्रता परीक्षा, आणि आता दोन वर्षं सीएचबीवर, म्हणजे तासांप्रमाणे पैशांवर, शिकवतेय (पगाराचं विचारू नका, तो वेगळाच शोकात्म विषय आहे). सांगायचं काय तर मी घरात पुस्तकं असलेल्यातली नाही. त्यामुळे हे जमायला काही खास लागतं असं कोणी म्हणालं तर ऐकू नका.

मी आपटले कुठे ते आधी. एसवायला, म्हणजे दुसऱ्या वर्षाला, राम गणेश गडकऱ्यांचं 'एकच प्याला' होतं, दारूपायी बुडणारा सुधाकर आणि त्याची बायको सिंधू यांचं नाटक. इंटर्नलला प्रश्न आला, सिंधूची व्यक्तिरेखा स्पष्ट करा. मी खुशीत. सोशिक, पतिपरायण, त्यागी, भोळी, सात्त्विक, आदर्श गृहिणी, अशी विशेषणांची माळच ओवली, साडेतीन पानं. वीसपैकी सात. खाली मॅडमनी लाल पेनाने लिहिलं होतं, सिंधूच्या जागी तुझ्या आजीचं नाव घातलं तरी हे उत्तर चालेल. मी ट्रेनमध्ये रडले, रबाळ्यापर्यंत. घरी येऊन चिडून नाटक परत काढलं आणि मोठ्याने वाचायला लागले. आई भाकऱ्या थापत होती. मी काहीही मोठ्याने वाचायला घेतलं की तिचा पहिला प्रश्न ठरलेला, "ह्यात कोण मरतं गं?" मी सांगितलं की बाई, इथे पोर मरतं, बायको मरते, मग नवरा पण विष घेतो. थोडं ऐकल्यावर सिंधू दळण दळते तिथे ती थांबली आणि म्हणाली, "अगं पण तिला म्हायेर नव्हतं व्हय?"

आता बघा, सिंधूचं माहेर चांगलं श्रीमंत आहे. पद्माकर भाऊ आहे, मदत करायला तयार आहे. मग ती जात्यावर का बसते? कारण जायचं नाही असं तिने ठरवलंय. सोशिक म्हटलं की वाटतं तिच्यावर नुसतं येऊन आदळतंय आणि ती घेतेय, पण ती दर अंकात काहीतरी ठरवते, आणि जे ठरवते त्यानेच अजून खोल जाते. विशेषण लिहिलं की ठरवणं दिसेनासं होतं. हे मला साडेतीन पानांत सुचलं नव्हतं, आईला तव्यावरची भाकरी उलटता उलटता सुचलं.

तेव्हापासून मी एक वही केली आणि तीच सगळ्यांना करायला सांगते. साधी दोनशे पानी. प्रत्येक महत्त्वाच्या प्रवेशाला एक पान, मधे उभी रेघ. डावीकडे लिहायचं, या क्षणी या पात्राला काय माहीत आहे. उजवीकडे, काय माहीत नाही (आणि आपल्याला मात्र माहीत आहे). आणि खाली एका ओळीत, एवढ्यावरून त्याने काय केलं. बस. स्वभाव हा शब्द वहीत लिहायचाच नाही. गंमत म्हणजे ट्रॅजेडीत उजवा रकाना कायम डाव्यापेक्षा लांब भरतो.

शेक्सपिअरच्या 'ऑथेल्लो'वर करून दाखवते, कारण तिथे हे फार झकास चालतं. ऑथेल्लोची बायको डेस्डेमोना, तिची सोबतीण एमिलिया, आणि एमिलियाचा नवरा इयागो, जो ऑथेल्लोच्या मनात बायकोबद्दल संशय भरवतो. कोणालाही विचारा रुमाल कसा गेला, उत्तर येणार की इयागोने चोरला किंवा एमिलियाने चोरला. मीही तेच समजत होते. मग एकदा संध्याकाळी ठाण्याला ट्रेन लेट होती म्हणून तिसऱ्या अंकातला तिसरा प्रवेश प्लॅटफॉर्मवर उभ्याउभ्या परत वाचला. ऑथेल्लो म्हणतो कपाळ दुखतंय. डेस्डेमोना आपला रुमाल काढून बांधायला जाते. तो म्हणतो हा फार छोटा आहे, राहू दे, आणि रुमाल खाली पडतो, आणि ती दोघं तशीच निघून जातात. म्हणजे ज्या रुमालावरून पुढे खून होतो तो त्यानेच झिडकारलाय, ती त्याची काळजी करत असताना! एमिलिया मागे राहते आणि फक्त उचलते.

पुढचं अजून भारी आहे. पुढच्याच प्रवेशात तो बायकोला सांगतो की हा रुमाल माझ्या आईला एका इजिप्शियन बाईने दिला होता, त्यात जादू आहे वगैरे. आणि शेवटच्या प्रवेशात तोच माणूस म्हणतो की माझ्या वडलांनी आईला दिला होता. आता खरं काय? पहिल्यांदा बायकोला घाबरवायला थाप मारली का, की शेवटी साधं सांगायचं म्हणून बदललं? यावर अभ्यासक भांडतात, तुम्हीही भांडा, पण ही विसंगती तुमची तुम्हाला दिसली तर परीक्षकाला कळतं की पोरीने नाटक वाचलंय.

आणि एमिलियाचं पान काढा. रुमाल आपण नवऱ्याला दिला हे तिच्या डाव्या रकान्यात आहे. ऑथेल्लो रुमालावरून आरडाओरडा करतो तेव्हा ती तिथेच उभी असते. डेस्डेमोना तिला विचारते की कुठे हरवला असेल, ती म्हणते माहीत नाही. एक वाक्य. तिथे बोलली असती तर नाटक तिथेच संपलं असतं. शेवटी ती बोलते, सगळ्यांसमोर, नवऱ्याच्या विरोधात, आणि नवरा तिला भोसकतो. मला विचाराल तर ट्रॅजेडी शिकायची असेल तर नायकाआधी असं एखादं बाजूचं पात्र धरा, नायकावर गाईडवाल्यांनी आधीच सगळं लिहून बेस्वाद करून ठेवलंय.

आता गाईडवाल्यांचा लाडका शब्द, ट्रॅजिक फ्लॉ, म्हणजे नायकाला बुडवणारा दोष. मॅकबेथ म्हणजे महत्त्वाकांक्षा, ऑथेल्लो म्हणजे मत्सर, हॅम्लेट म्हणजे दिरंगाई, सुधाकर म्हणजे दारू. एका माणसाला एक लेबल, औषधाच्या बाटलीसारखं. ग्रीक विचारवंत ॲरिस्टॉटलचा शब्द हॅमार्शिया, आणि त्याच्या मुळाशी नेम चुकणं, चूक होणं असा अर्थ आहे, म्हणजे केलेली चूक, आत बसलेला अवगुण असायलाच हवा असं नाही. शिवाय तो स्वतः कथानकाला पहिला नंबर देतो आणि पात्राला दुसरा. सोफोक्लीसच्या इडिपस राजाचं बघा, कॉरिंथहून निरोप्या येतो तो चांगली बातमी द्यायला, बापाला मारशील आणि आईशी लग्न करशील या भाकिताची त्याची भीती घालवायला, आणि त्याच्याच बोलण्यातून सगळं उलटतं. इथे कोणाचा फ्लॉ? निरोप्याचा? उलथापालथ घटनांच्या जुळणीत आहे, आणि इडिपस शोध थांबवत नाही यात आहे. ग्रीक अवघड वाटतं त्यांनी विंदा करंदीकरांचं 'ॲरिस्टॉटलचे काव्यशास्त्र' वाचा, १९५७चं आहे. मराठी मीडियमच्या पोरांना तर मी शपथेवर सांगते, इंग्लिश नोट्सच्या आधी हे.

सुधाकरचंही तसंच. दारू हा फ्लॉ लिहिलात की पहिला प्याला का घेतला ते राहून जातं. हुशार वकील, कोर्टात अपमान, सनद हातातून जाते, आणि ऐन त्या वेळी शेजारी दारूबाज तळीराम बसलेला. आणि तळीराम विनोदी आहे हे विसरू नका. त्याच्या प्रवेशांना आपण खो खो हसतो, आणि आपण ज्याच्यावर हसतोय तोच माणूस एक घर बुडवतोय. वर्गात आम्ही हे नुसतं वाचलं तेव्हा कळलं नाही, गॅदरिंगला मुलांनी तो प्रवेश केला तेव्हा पब्लिक हसत होतं आणि पुढच्या ओळीला गप्प झालं, तेव्हा कळलं. म्हणून नाटक मोठ्याने वाचा, जमलं तर उभं राहून, पात्रं वाटून घेऊन. तलावपाळीला संध्याकाळी बसून आम्ही चौघींनी बरंच वाचलंय, भेळवाला आम्हाला एकांकिकावाल्या समजायचा. समोरच गडकरी रंगायतन, आणि त्याच गडकऱ्यांचं नाटक आपण हातात धरून बसलोय हे लक्षात यायला मला दीड वर्ष लागलं! गडकरी गेले जानेवारी १९१९मध्ये आणि 'एकच प्याला' रंगभूमीवर आलं ते त्यानंतर, त्याच वर्षी, त्यातली पदं विठ्ठल सीताराम गुर्जरांची आहेत. ही माहिती उत्तरात एका ओळीत येऊ दे, अख्खं पान भरू नका.

'नटसम्राट'बद्दल एक कळकळीची विनंती. सिनेमा बघून उत्तर लिहू नका. नाटक १९७०चं, सिनेमा २०१६चा, दोन्हीत बराच फरक आहे आणि पेपर तपासताना दुसऱ्या ओळीला कळतं. दुसरं म्हणजे मुलं कृतघ्न, सून वाईट, बिचारे आप्पा बेलवलकर, असं लिहून मोकळं होऊ नका. 'किंग लिअर'शेजारी ठेवून वाचा (विंदांचा 'राजा लिअर' आहेच). लिअर पहिल्याच प्रवेशात मुलींकडून प्रेमाची भाषणं मागतो आणि त्यावर राज्य वाटतो. बेलवलकर काहीच न मागता सगळं देऊन टाकतात, त्याला त्यांना मोठेपणा वाटतो, नाटकातल्यासारखा. रिटायर झालेत पण स्टेजवरून खाली उतरलेले नाहीत, आणि हे फ्लॅटमधल्या संसाराला झेपत नाही. आणि लिअरला निदान कॉर्डेलिया, खरं प्रेम करणारी धाकटी मुलगी, तरी होती, इथे पोटच्या मुलांत कोणी कॉर्डेलिया नाही. इथे आधार देतो तो बूटपॉलिशवाला पोरगा, आणि त्याचं नाव काय, तर राजा. हे मला टीवाय संपल्यावर दिसलं, पेपर देऊन झाल्यावर, अशी माझी अक्कल.

शोकांतिका आणि शोकात्मिका यातला फरक विचारतातच. थोडक्यात, शेवट रडका म्हणजे शोकांतिका, पण शोकात्मिकेला एवढ्यावर भागत नाही. अपघातात माणूस गेला तर वाईट वाटतं, पण त्याने आपल्या हाताने, आपल्याला बरोबर वाटतं म्हणून केलेल्या गोष्टीतून तो बुडाला तर ते शोकात्म. आपल्याकडे ट्रॅजेडी नव्हतीच असं ठोकून देऊ नका. संस्कृत नाटकात मरण स्टेजवर न दाखवण्याचा संकेत होता हे खरं, पण भासाच्या 'ऊरुभंगा'त मांडी मोडलेला दुर्योधन सगळ्यांसमोर मरतो, आणि तो तिथे व्हिलन वाटत नाही. वीस-पंचवीस पानांचं नाटक आहे, एका बसणीत होतं.

पुस्तकांसाठी ठाण्यातलं मराठी ग्रंथसंग्रहालय, १८९३पासून आहे, मेंबरशिप घ्याच. कॉलेजच्या लायब्ररीत एक कॉपी असते आणि ती कायम कोणीतरी नेलेली असते. झेरॉक्सवाल्याकडे मिळणाऱ्या नोट्स वाईट नसतात, फक्त त्या सगळ्यांकडे असतात.

तक्रार एकच करते, नाव न घेता. एका ठिकाणी आम्हाला सबंध सेमिस्टर नोट्स डिक्टेट केल्या गेल्या, नाटक वर्गात उघडलंच नाही. तुमच्याकडे असं झालं तर रडत बसू नका, तीन-चार जणांचा ग्रुप करा आणि स्वतः वाचा.

अजून एक आहे, ते कोणी सांगत नाही. ही नाटकं वाचताना आपण एकोणीस-वीसचे असतो आणि वर्गात कोणाच्या तरी घरी सुधाकर असतोच. आमच्या वर्गातला एक मुलगा पाचव्या अंकाला उठून बाहेर गेला, आम्ही हसलो, नंतर कळलं. तेव्हापासून मी शिकवताना 'एकच प्याला'चा शेवट कधी येणार ते आदल्या लेक्चरला सांगून ठेवते. आणि तुम्हाला एखादा प्रवेश झेपला नाही तर त्या दिवशी पुस्तक मिटून वडापाव खा, सिलॅबस कुठे पळत नाही.

आत्ता मागच्या आठवड्यात मी सोफोक्लीसचं 'अँटिगनी' काढलंय, यंदा शिकवायचंय म्हणून. आईचा प्रश्न आलाच, ह्यात कोण मरतं. मी म्हटलं, भावाला पुरलं म्हणून बहिणीला गुहेत कोंडतात, ती फास लावून घेते, तिच्यामागे राजाचा मुलगा मरतो, मग राणी. आईने सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "आन ती दुसरी भैन होती ना, तिचं काय झालं?" मी पुस्तक उघडलं, मागची सगळी पानं चाळली. राजा क्रेऑन त्या दुसऱ्या बहिणीला, इस्मिनीला, सोडतो, आणि त्यानंतर ती नाटकात येतच नाही. उलट मरायला जाताना अँटिगनी स्वतःला राजघराण्यातली शेवटची म्हणते, बहीण जिवंत असताना. वहीत इस्मिनीचं पान काढलंय, रेघ मारलीय, अजून दोन्ही रकाने कोरे आहेत.