बाइकला बॅटरी मेंटेनर लावताय? फ्यूज उडवणाऱ्या या चुका टाळा

पाऊस लागला की आमच्या पार्किंगमधल्या निम्म्या बाइक कव्हरखाली जातात, त्या थेट दसऱ्याच्या पूजेला बाहेर निघतात. हार घालून झाला, बटण दाबलं, की नुसतं टिक-टिक-टिक. पूर्वी किक मारून वेळ निभावता यायची; आताच्या बऱ्याच गाड्यांना किकच नाही. त्यात घड्याळ, ईसीयू (इंजिन सांभाळणारा छोटा कॉम्प्युटर), वरून बसवलेला जीपीएस ट्रॅकर हे सगळे गाडी बंद असतानाही थोडा थोडा करंट पीत असतात. 20 मिलिअँपिअर म्हणजे काहीच नाही असं वाटतं, पण 8 अँपिअर-अवरची बॅटरी त्या हिशेबाने 17 दिवसांत रिकामी होते. सेल्फ तर त्याच्या कितीतरी आधी हात टेकतो.

म्हणून मेंटेनर घ्यायचा. मेंटेनर बॅटरी भरतो आणि मग हलक्या व्होल्टेजवर नुसती राखत बसतो, त्यामुळे तो आठवडेच्या आठवडे लावून ठेवता येतो. साधा चार्जर तसा ठेवला तर बॅटरी उकळून जाईल. मेंटेनरसोबत दोन रिंग असलेली एक छोटी वायर येते. ती बॅटरीला कायमची जोडायची, टोकाचा प्लग सीटखालून बाहेर काढायचा, आणि तिच्या लाल वायरीवर एक फ्यूज असतो, बहुधा 7.5 अँपिअरचा, तपकिरी. तक्रारी सुरू होतात त्या या फ्यूजपासून.

तो उडाला की सगळे आधी मेंटेनरला दोष देतात. माझंही तेच झालं होतं. पण विचार करा, बाइकचा मेंटेनर जेमतेम एखादा अँपिअर देतो. तो 7.5 चा फ्यूज उडवणार कुठून? फ्यूज उडवणारा करंट बॅटरीतून येतो. सेल्फ फिरवताना शंभरेक अँपिअर सहज देणारी ती वस्तू आहे, आणि तिला जोडलेली लाल वायर प्लग रिकामा लोंबकळत असला तरी चोवीस तास लाइव्ह असते. फ्यूज आहे तो त्या वायरीला जळण्यापासून वाचवायला.

माझ्या गाडीवर एकापाठोपाठ तीन फ्यूज उडाले. नवा टाकला की मल्टिमीटर प्लगवर 12.6 व्होल्ट दाखवायचा, हिरवा दिवा लागायचा, सगळं ठीक. सीट लावली, सकाळी येऊन पाहिलं तर मेंटेनर मुका. चौथा फ्यूज टाकण्याआधी सीट उलटी करून टॉर्च मारला, तेव्हा सीट लॉकच्या पत्र्याखाली लाल वायरीवर नखाएवढा चिरा दिसला, आत तांब्याच्या तारा चमकत होत्या. सीट दाबली की तो पत्रा तारांना टेकायचा आणि प्लस थेट चेसिसला, म्हणजे बॅटरीच्या मायनसलाच. सीट उघडली की शॉर्ट गायब! वायर बदलून चेसिसच्या आतल्या कडेने नेली, दोन ठिकाणी केबल टायने बांधली, तेव्हापासून तोच फ्यूज चालू आहे. पावसाळ्यात अशाच जागी उंदीरही वायरी कुरतडतात, तेही बघा.

उडालेला फ्यूज फेकू नका, उजेडात धरून बघा. आतली पट्टी करपून काळी पडली असेल तर बहुधा थेट शॉर्ट. मधोमध स्वच्छ वितळली असेल तर झेपेल त्याहून जास्त करंट काही काळ वाहिला. असं बऱ्याचदा त्याच प्लगवर टायरमध्ये हवा भरायचा पंप लावल्याने होतं. पट्टी शाबूत पण पायाजवळचं प्लॅस्टिक वितळलेलं दिसलं तर होल्डर सैल आहे किंवा आत गंज चढलाय.

शॉर्ट सापडत नसेल तर फ्यूज जाळत बसू नका. फ्यूजच्या जागी इंडिकेटरचा 21 वॅटचा बल्ब जोडा. शॉर्ट असेल तर बल्ब पूर्ण उजेडाने पेटेल, पण करंट पावणेदोन अँपिअरच्या पुढे जाणार नाही. मग वायर हलवा, हँडल वळवा, सीट दाबा. ज्या क्षणी बल्ब पेटतो किंवा विझतो, तिथेच दोष आहे.

एक चूक मात्र कधीही करू नका: 7.5 च्या जागी 20 चा फ्यूज, किंवा सिगारेटच्या पाकिटातली चांदी. त्या बारीक वायरीला मग वाचवणारं काही उरत नाही, आणि वर पेट्रोलची टाकी असते.

जोडताना आधी प्लस, मग मायनस. काढताना आधी मायनस. उलट केलंत आणि प्लसच्या नटावरचा पाना चेसिसला लागला तर त्या वाटेत एकही फ्यूज नसतो, ठिणग्यांचा पाऊस पडतो. बॅटरीच उलटी जोडली तर रेक्टिफायरचे (गाडी चालताना बॅटरी चार्ज करणाऱ्या भागाचे) एकाच दिशेने करंट सोडणारे डायोड सरळ वाहू लागतात, गाडीचा मुख्य फ्यूज उडतो आणि कधी रेक्टिफायरही जातो.

दोन पिनांच्या प्लगमध्ये बाइककडच्या टोकाची प्लसची पिन झाकलेली असते, उघडी असते ती मायनसची, म्हणजे ती चेसिसला घासली तरी काही होत नाही. वेगळ्या कंपनीची जोडवायर घेतली तर हे उलट असू शकतं. जोडण्याआधी मल्टिमीटर लावा, आकड्यापुढे वजाचं चिन्ह आलं तर थांबा. आणि प्लगवर शून्य येतंय पण बॅटरीवर 12 च्या वर, तर चार्जर बदलायला धावू नका, फ्यूज गेलाय किंवा होल्डरमध्ये कुठे तुटलंय.

लिथियम बॅटरी असेल तर लिथियमसाठीचाच मेंटेनर घ्या. भिंतीवरचा स्विच सगळं जोडून झाल्यावर चालू करा, आणि एक्स्टेंशन बोर्ड ओल्या फरशीवर न ठेवता वर कुठेतरी टांगा.