पोकेमॉन कार्डांच्या स्पर्धेला सहकुटुंब जाताना

पहिली स्पर्धा म्हणून थेट रीजनल चॅम्पियनशिप धरू नका, मूल कितीही हट्टाला पेटलं तरी. पोकेमॉनच्या पत्त्यांच्या अधिकृत स्पर्धांना पायऱ्या आहेत. दुकानात होणारी प्रीरिलीज, मग लीग चॅलेंज, लीग कप, त्यावर रीजनल, इंटरनॅशनल आणि सगळ्यात वर वर्ल्ड्स. वर्ल्ड्स २०२३ साली योकोहामाला, २०२४ साली होनोलुलूला आणि २०२५ साली अ‍ॅनाहाइमला झाली. मुलांच्या डोळ्यांसमोर तेच असतं आणि ते असायलाच हवं. पण अमेरिकेत, कॅनडात किंवा ब्रिटनमध्ये राहणाऱ्या मराठी घरातल्या आठ-दहा वर्षांच्या पोराने सुरुवात करावी ती जवळच्या दुकानातल्या प्रीरिलीजने.

कारण साधं आहे. पत्त्यांचा नवा संच बाजारात यायच्या आधीच्या सुमारे दोन आठवड्यांत ही स्पर्धा होते आणि तिथे कुणीच घरून डेक (खेळायचा पत्त्यांचा गठ्ठा) आणत नाही. प्रवेश फी भरली की एक खोका मिळतो. त्यात ४० पत्त्यांचा तयार डेक असतो (त्यातच एक खास प्रोमो कार्ड) आणि वर चार बूस्टर पॅक, म्हणजे पत्त्यांची बंद पाकिटं. त्यातून जागेवरच ४० पत्त्यांचा डेक बांधायचा आणि नेहमीच्या सहाऐवजी चार प्राइझ कार्डं (समोरचा पोकेमॉन बाद केला की उचलायचे पालथे पत्ते) लावून खेळायचं. महागडी कार्डं असलेला मुलगा आणि काल नियम शिकलेली मुलगी इथे एका पातळीवर येतात. आई किंवा बाबांनीही याच स्पर्धेत बसावं. खेळ कळायला दुसरा इतका स्वस्त मार्ग नाही. डेक बांधताना नवखे लोक हमखास एक चूक करतात. सुंदर दिसणारं प्रत्येक पोकेमॉन आत घालतात, रंग चार-चार होतात आणि लागेल ती एनर्जी (हल्ल्यासाठी पोकेमॉनला जोडायचे पत्ते) हातात येतच नाही. दोनच रंग ठेवा, ४० पैकी १४ ते १६ पत्ते एनर्जीचे ठेवा आणि ज्याच्या खालची पायरी तुमच्याकडे नाही तो उत्क्रांत पोकेमॉन कितीही चमकला तरी बाहेर काढा.

दोन प्रीरिलीज झाल्या की स्वतःचा डेक लागतो. इथे ६० पत्ते असतात आणि बेसिक एनर्जी सोडून एका नावाची जास्तीत जास्त चार कार्डं चालतात. सुट्टी कार्डं जमवत बसण्यापेक्षा ‘लीग बॅटल डेक’ नावाचा तयार खोका घ्या. तो साधारण ३० डॉलरला मिळतो आणि छोट्या स्पर्धेत ताठ मानेने खेळता येईल इतका चांगला असतो. त्याहून स्वस्त ‘बॅटल डेक’ नियम शिकायला ठीक आहे, स्पर्धेला तोकडा पडतो. विकत घेण्याआधी कार्डाच्या खालच्या डाव्या कोपऱ्यातलं छोटंसं इंग्रजी अक्षर बघा. ते रेग्युलेशन मार्क. स्टँडर्ड प्रकारात ठरावीक अक्षरंच चालतात आणि जुनी अक्षरं वेळोवेळी बाद होतात. दुकानात सवलतीत लावलेला जुना खोका बरेचदा याच कारणाने स्वस्त असतो.

भारतातून येणाऱ्या आजी-आजोबांना एक गोष्ट प्रेमाने आधीच सांगून ठेवा. स्टेशनरीच्या दुकानात मिळणारी सोनेरी, प्लास्टिकसारखी पोकेमॉन कार्डं नकली असतात. नातवाला ती जरूर द्यावीत, घरी खेळायला छान आहेत. पण एकही कार्ड स्पर्धेच्या डेकमध्ये जाता कामा नये. तसंच जपानी कार्डांचं. ती अस्सल असली तरी अमेरिकेतल्या स्पर्धेत चालत नाहीत.

डेक जमला की आकडेमोड करा, मुलालाही सोबत बसवा. सुरुवातीला सात पत्ते हातात येतात आणि त्यात एकही बेसिक (उत्क्रांत न झालेला, थेट मांडता येणारा) पोकेमॉन नसेल तर हात दाखवून पुन्हा पिसावं लागतं. तसं झालं की समोरच्याला एक पान जास्त ओढता येतं. ६० पत्त्यांत आठ बेसिक असतील तर असं सुमारे ३५ टक्के वेळा होणार. बारा असतील तर १९ टक्के. आणि एखादं कार्ड डेकमध्ये एकच ठेवलं असेल तर दहातल्या एका डावात ते सहा प्राइझमध्ये अडकलेलं असणार. ‘माझं नशीबच फुटकं’ म्हणून रडणाऱ्या मुलाला हे आकडे आधीपासून माहीत असतील तर त्याला पुढचा डाव सावरता येतो.

आता स्लीव्ह, म्हणजे पत्त्यावर चढवायचं प्लास्टिकचं आवरण. या एका गोष्टीवर आम्ही जरा जास्तच वेळ घालवणार आहोत, कारण नव्या घरांना दंड होतो तो बहुधा इथेच. पोकेमॉनचं कार्ड ६३ बाय ८८ मिलिमीटरचं असतं, त्यामुळे स्लीव्ह ‘स्टँडर्ड’ मापाचेच घ्या. यु-गी-ओचे छोट्या मापाचे स्लीव्ह दिसायला सारखे असतात, पण त्यात हे कार्ड बसत नाही. मागची बाजू अपारदर्शक हवी आणि सगळे स्लीव्ह एकाच पाकिटातले हवेत. त्याच कंपनीच्या त्याच रंगाच्या दुसऱ्या पाकिटात छटा किंचित वेगळी निघू शकते. घरी भरून झाले की डेक टेबलावर ठेवा, डोळे टेबलाच्या पातळीला आणा आणि बाजूने बघा. कुठे फट दिसते का? चमकणारी फॉइल कार्डं हवेतल्या दमटपणाने किंवा कोरडेपणाने धनुष्यासारखी वाकतात. डेकमधली फक्त चार महत्त्वाची कार्डं फॉइल असतील आणि तीच वाकली असतील, तर न बघताही डेक नेमका त्यांच्यावर काटता येतो. मुलाच्या मनात काही नसलं तरी जजच्या दृष्टीने ती ‘मार्क केलेली’ कार्डं. दोन जाड पुस्तकांखाली आठवडाभर दाबून ठेवा किंवा सरळ साधी आवृत्ती वापरा. नखाने दुमडलेला कोपरा, फाटलेली कड, आत अडकलेला केस, यांतलं काहीही दिसलं की तो स्लीव्ह बदला. त्याच पाकिटातले दहा सुटे स्लीव्ह डब्यात असू द्या.

पिसणं हा स्वतंत्र सराव आहे. आपल्याकडे पत्त्यांचा कॅट एका हातात धरून वरून थोडे थोडे काढत पिसायची सवय असते. स्लीव्ह घातलेले ६० पत्ते लहान मुलाच्या पंज्यात मावतच नाहीत. जमिनीवर सांडतात आणि उपडे झाले की सगळं पुन्हा. त्यापेक्षा ३०-३० चे दोन गठ्ठे करा, एकाची कड दुसऱ्यात हलक्या हाताने घुसवा आणि दाबत न्या. असं सात-आठ वेळा केलं की झालं. मग समोरच्याला काटायला द्यायचं, दरवेळी, न चुकता.

स्पर्धेत द्यायची डेकची यादी आदल्या रात्री लिहा. प्रत्येक कार्डाचं नाव, किती नग, कुठला संच, कितवा क्रमांक. बेरीज ६० यायलाच हवी. एकाने वाचायचं, दुसऱ्याने पत्ते मोजून बाजूला ठेवायचे. शेवटच्या क्षणी गाडीत बसताना एक कार्ड बदललं आणि यादी तशीच राहिली, हा अपघात सर्रास घडतो आणि त्याची किंमत एक अख्खा डाव असू शकते.

घरी सराव ‘पोकेमॉन टीसीजी लाइव्ह’ या ऑनलाइन खेळावर होतो. ते फुकट आहे आणि चांगलंही. पण ते सगळं आपोआप करतं. प्राइझ लावतं, पिसतं, विषाचं नुकसान मोजतं, पहिल्या खेळाडूला पहिल्या पाळीत हल्ला करू देत नाही किंवा सपोर्टर (मदतीच्या पत्त्यांचा एक प्रकार) कार्ड खेळू देत नाही. त्यावरच तयार झालेलं मूल खऱ्या टेबलावर बसलं की सहा प्राइझ लावायलाच विसरतं, किंवा समोरचा पोकेमॉन बाद करून प्राइझ उचलायचं राहून जातं. म्हणून शेवटचा आठवडाभर जेवणाच्या टेबलावर खरे पत्ते मांडून खेळा. नुकसान दाखवायला फासे, विष आणि भाजल्याच्या खुणा, नाणेफेकीसाठी एक पारदर्शक फासा, सगळं मुलाच्या स्वतःच्या पिशवीत. आणि प्रत्येक कृती मोठ्याने बोलून करायची सवय लावा.

रीजनलची नावनोंदणी ‘आरके-नाइन’ या संकेतस्थळावर होते आणि जागा फार लवकर संपतात. त्याआधी मुलाचा प्लेयर आयडी (खेळाडूचा नोंदणी क्रमांक) पालकाच्या खात्यातून काढून ठेवा. ज्युनियर, सीनियर आणि मास्टर्स हे गट जन्मवर्षावरून ठरतात. छोट्या लीग कपला मुलं कमी आली तर गट एकत्र खेळवतात, म्हणजे नऊ वर्षांच्या मुलीसमोर दाढीवाला काका बसू शकतो. हे आधी सांगून ठेवलं की ती बिचकत नाही. दोन भावंडं एकमेकांसमोर आली तरी खेळायचंच. ‘तू हर, तुला पुढचा पॅक देतो’ असला घरगुती सौदा थेट बाद होण्यापर्यंत जातो.

आई-बाबा दोघांनीही मुख्य स्पर्धेत नाव घालू नये. मास्टर्सच्या आणि ज्युनियरच्या फेऱ्या वेगळ्या वेळी सुटतात, आणि हरून रडत बाहेर आलेल्या पोराला नेमकं कुणीच सापडत नाही. एक मोठं माणूस रिकामं हवंच. सोबत आलेल्या मित्रांना आणि चुलत-मावस भावंडांना साइड इव्हेंट, म्हणजे मुख्य स्पर्धेबाहेरच्या छोट्या स्पर्धा असतात. नुसतं बघायला येणाऱ्यांना पास लागतो का, ते आधी तपासा.

तीन डावांतले दोन जिंकायचे, अशा फेरीला ५० मिनिटं मिळतात. वेळ संपली की चालू पाळी पुरी करून आणखी तीन पाळ्या. १-१ झाल्यावर तिसरा डाव अपुरा राहिला तर बरोबरी. विजयाला तीन गुण, बरोबरीला एक. रीजनलला पहिल्या दिवशी मास्टर्सच्या आठ-नऊ फेऱ्या होतात, म्हणजे सकाळपासून रात्रीपर्यंतचा मामला. पहिली फेरी हरली म्हणून कुणी बाहेर जात नाही. पुढच्या फेरीत तितकेच गुण असलेला खेळाडू समोर येतो. म्हणून हातातून गेलेला पहिला डाव वेळेत सोडून द्यायला शिकवा. २५ मिनिटं तो रेटत बसलं की पुढचे दोन डाव जिंकायला वेळच उरत नाही.

डबा घरून न्या. सभागृहातलं खाणं महाग असतं आणि रांग फेरीपेक्षा लांब. पोळीचा रोल, केळं, भिजवलेले बदाम, पाणी. चिवडा, चकली, चिप्स दोन फेऱ्यांच्या मध्येसुद्धा नको, कारण बोटाचं तेल स्लीव्हला लागलं की त्या पत्त्याला धूळ चिकटते आणि तोही ‘मार्क’ होतो. वातानुकूलन कडक असतं, स्वेटर हवाच.

आणि आता सगळ्यात महत्त्वाचं. सामना चालू असताना मुलाशी मराठीत एक शब्दही बोलू नका. ‘पाणी पी’ हेसुद्धा नाही. जजला मराठी कळत नाही, समोरच्या मुलाच्या आईला कळत नाही, आणि बाहेरून मदत केल्याची शिक्षा मुलाला होऊ शकते. मान हलवणं, घसा खाकरणं, कपाळाला हात लावणं, सगळं त्यातच येतं. मूल दर चालीनंतर तुमच्याकडे बघत असेल तर तुम्ही चुकीच्या जागी उभे आहात. त्याच्या पाठीमागे, लांब जा. टेबलावर चूक दिसली तर खेळाडूंना टोकू नका, जजला जाऊन सांगा. मुलाला मात्र हात वर करून ‘जज’ म्हणून हाक मारायला घरी दहा वेळा लावा. मोठ्यांना उलटून बोलू नये हे संस्कार इथे आड येतात. समोरचा मोठा खेळाडू ‘हे असंच असतं’ म्हणाला की आपली मुलं मान डोलावतात. जजला विचारणं म्हणजे भांडण काढणं नाही, आणि जजचं पटलं नाही तर हेड जजकडे जायचा हक्कही त्यांना आहे.

फेरीनंतर पहिली दहा मिनिटं चाल अशी का केली, हा विषय काढू नका. पाणी, स्वच्छतागृह, थोडं चालणं. विश्लेषण घरी.

कार्डांची अदलाबदल हा मुलांना सर्वांत आवडणारा भाग. मोठा माणूस लहान मुलाशी बदली करत असेल तर पालक शेजारी हवा आणि दोन्ही कार्डांचा चालू भाव फोनवर बघूनच हो म्हणायचं. स्पर्धेचा डेक अदलाबदलीच्या फाइलपासून वेगळा ठेवा. पाठपिशवी खुर्चीला टांगू नका. बंद करून दोन पायांमध्ये ठेवा आणि तिच्या पट्ट्यात एक पाय अडकवून बसा. अशा गर्दीत फायली चोरीला जातात. डेकच्या डब्यावर पालकाचा फोन नंबर चिकटवा.

निकालाच्या चिठ्ठीवर सही करण्याआधी कोण जिंकलं याची खूण मुलाने स्वतः वाचावी, आणि ‘ड्रॉप’च्या (स्पर्धा सोडल्याच्या) चौकटीत चुकून फुली पडली नाही ना तेही बघावं. मग उठण्याआधी टेबलावरच ६० पत्ते मोजावेत. एखादं पान समोरच्याच्या गठ्ठ्यात गेलेलं असतं किंवा खेळायच्या चटईखाली राहिलेलं असतं, आणि ते पुढच्या फेरीत कळलं तर तोवर त्या टेबलावर दुसरंच कुणी बसलेलं असतं.