मुळा-मुठेकाठी थंडीतले पाहुणे पक्षी कसे शोधायचे

पुण्यात डिसेंबर-जानेवारीत बंडगार्डन ते कल्याणीनगर पट्ट्यात जात असाल तर नुसतं चालत राहू नका, एका जागी निदान वीसेक मिनिटं थांबा. हळदी-कुंकू बदकांचा थवा दिसला की "नेहमीचेच" म्हणून सोडायचं नाही, एकेक पक्षी दुर्बिणीतून बघायचा, कारण थापट्या, चक्रवाक असे पाहुणे त्यांच्यातच बसलेले असतात, थापट्या तर फावड्यासारख्या चोचीवरून लगेच कळतो. चिखलाच्या कडेला शेपूट सारखी हलवत फिरणारे धोबी आणि तुतवार नीट बघा. ब्लूथ्रोट हा निळ्या गळ्याचा छोटा पक्षी मात्र पाणगवताच्या बुडाशी, जमिनीलगतच शोधायचा. आणि हो, हिवाळ्यात सूर्य दक्षिणेकडे असतो, त्यामुळे दक्षिण काठावर उभं राहिलात तर तो पाठीशी राहतो आणि रंग फार छान दिसतात!